पोरगं परदेशी निघालं. घर कुठं निघालं?

वर्षावासातला एक रविवार. वस्तीतल्या विहारात त्रिसरण-पंचशील झाले, ग्रंथवाचन झाले, लोक बाहेर येऊन आपापल्या चपला शोधू लागले. एवढ्यात एक माउली आमच्याजवळ आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद. म्हणाल्या, "भाऊ, मना आंडोर दुबईले जाई राहिना. तुमी लिखापढीना मानूस. हे कागद वाची सांगा, जाऊ देऊ का नको?"

आम्ही विहाराच्या ओट्यावर बसून कागद पाहिले. पासपोर्टची झेरॉक्स, वैद्यकीय तपासणीची चिठ्ठी, एका एजंटाची पन्नास हजारांची पावती. पावतीवर कारण काय, तर 'सल्ला शुल्क'. सर्वांत खाली राहत्या घराच्या जागेचा उतारा. एकूण दीड लाख भरायचे होते. पहिले पन्नास हजार उसनेच आणलेले. उरलेल्या लाखासाठी जागा गहाण पडणार होती. व्याज महिन्याला शेकडा तीन. मुलगा दहावी पास, आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स केलेला. तिकडे काम मिळणार होते 'हेल्पर'चे, पगार बाराशे दिरहम.

आम्ही चटकन उत्तर देऊ शकलो नाही. कारण या प्रश्नाचे एक उत्तर आम्ही पूर्वी देऊन बसलो आहोत आणि त्याची किंमतही मोजली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतला एक तरुण आखाती देशात निघाला, तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने विहारात त्याचा सत्कार घडवून आणला. शाल, गुलाबाचे हार, दोन भाषणे. त्यातले एक आमचे. 'आपली मुले आता विमानाने जाऊ लागली' या वाक्याला टाळ्या मिळाल्या. एवढ्यावर न थांबता त्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन म्हणून सहीही आम्हीच केली. नवव्या महिन्यात तो परत आला. सांगितलेले काम वेगळे, दिलेले वेगळे. पगार तीन महिने अडकलेला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. अकरा महिने हप्ता आमच्या पगारातून कापला गेला. आमच्या घरात त्यावरून काय काय झाले ते येथे सांगत नाही. तो तरुण आज चाळीसगाव स्टेशनावर रिक्षा चालवतो. आम्हाला पाहिले की मान खाली घालतो. खरे तर मान आम्ही खाली घालायला हवी. कारण हिशेब न करता टाळ्या घेणारे आम्ही होतो.

म्हणून या वेळी हिशेब करू या. परदेशी गेल्याने कुटुंबाचे उत्पन्न खरेच वाढते का? मुलाबाळांना जास्त संधी मिळते का? की एक माणूस पुढे जातो आणि चार माणसे मागे राहतात?

बाबासाहेब काय घेऊन गेले, काय घेऊन आले

परदेशाचा विषय निघाला की आपल्या समाजात कोणीतरी हमखास म्हणतो, "बाबासाहेबही गेले होते." खरे आहे. परंतु ते कसे गेले, हे आपण मुलांना सांगतो का?

1913 साली भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. म्हणजे कर्ज होते, पण ते ज्ञानाचे होते. व्याज शेकडा तीन नव्हते. तुटपुंज्या पैशांत पोटाला चिमटा घेऊन त्यांनी पुस्तके विकत घेतली. 1915 मध्ये एम.ए. झाले. लंडनचा अभ्यास अर्धवट असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते महायुद्धात बुडवले गेले. बडोद्यास नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी खानावळीत आश्रय घेतला तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले.

तरी माणूस थांबला नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातल्या प्राध्यापकीच्या पगारातून पैसे साठवले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर होऊन 1923 मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ही झाले. या साऱ्या काळात मुंबईच्या चाळीत रमाईने घर कसे ओढले, हे आपल्या प्रत्येक घरात सांगितले जाते. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. तेव्हा परदेशगमनाची किंमत जाणाऱ्याबरोबर घरी राहणाऱ्यालाही मोजावी लागते, हा पहिला धडा आपल्या इतिहासातच आहे.

चाळीसगावचा टांगा

दुसरा धडा आपल्या गावचाच आहे. 1929 साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावात आपल्या लोकांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावी परतले. स्टेशनावर आपली माणसे हार घेऊन उभी होती. महारवाडा सुमारे दोन मैलांवर, मध्ये नदी आणि मोरी. टांगे पुष्कळ उभे होते, पण अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याला पायी नेणे आपल्या लोकांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायचा आपल्यातल्याच कोणी, अशी तडजोड निघाली. बिचाऱ्याला हाकण्याची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. टांगा घोड्यासकट नदीत गेला.

विचार करा. कोलंबियाचा डॉक्टर, लंडनचा डॉक्टर, ग्रेज इनचा बॅरिस्टर. आणि चाळीसगावच्या टांगेवाल्याच्या लेखी तो कोण? ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या पुस्तिकेत लिहून ठेवली आहे. परदेशी पदवीने माणसाची कुवत वाढते, उत्पन्न वाढते. पण गावातली जागा आपोआप वाढत नाही. ती वाढली ती पुढे त्यांनी याच मातीत उभ्या केलेल्या लढ्याने. आज त्याच स्टेशनाबाहेर आपल्या समाजाची मुले स्वतःच्या रिक्षा उभ्या करतात आणि सगळ्या जातीचे लोक त्यांत बसतात. हे परदेशी पैशाने झालेले नाही.

पैसा किती येतो आणि कोणाकडे येतो?

आता आकडे पाहू. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार 2024 साली परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे 129 अब्ज डॉलर पाठवले. जगात कोणत्याही देशाला एवढी रक्कम मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत या पैशांत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के म्हणजे केरळच्याही (19.7 टक्के) वर होता. हे वाचून छाती फुगते. पण राज्याच्या नावावर जमा झालेल्या रकमेतली आपल्या तालुक्यातल्या वस्तीत किती उतरते, ते ज्याचे त्याने आपल्या गल्लीत पाहून ठरवावे.

याच पाहणीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 2016-17 मध्ये या पैशातला जवळजवळ निम्मा भाग आखाती देशांतून येत होता. 2023-24 मध्ये तो 38 टक्क्यांच्या आसपास उतरला. एकट्या अमेरिकेचा वाटा 27.7 टक्के झाला, संयुक्त अरब अमिरातीचा 19.2 टक्के. याचा साधा अर्थ असा की घाम गाळणाऱ्या हातांपेक्षा शिकलेले हात आता घरी जास्त पैसा पाठवू लागले आहेत. पैसा देशाच्या नावाला मिळत नाही, माणसाच्या कौशल्याला मिळतो. अकुशल माणूस येथे स्वस्त आणि तेथेही स्वस्तच.

एका हेल्परचा हिशेब

त्या माउलीच्या मुलाचा हिशेब आम्ही ओट्यावरच कागदाच्या पाठीवर मांडला. वाचकांनीही पेन्सिल घेऊन मांडून पाहावा.

पगार बाराशे दिरहम. दिरहमला तेवीस रुपये धरले तर 27,600 रुपये. राहण्याची सोय कंपनीची धरली तरी जेवण, फोन, साबण-औषध यांना चारशे दिरहम, म्हणजे 9,200 रुपये. उरले 18,400. घरी आईला किराणा आणि वीजबिलासाठी आठ हजार पाठवायचे. उरले 10,400. हे सगळे सावकाराला.

दीड लाखाचे शेकडा तीनने महिन्याचे व्याज 4,500. म्हणजे पहिल्या हप्त्यात मुद्दलातून फिटले केवळ 5,900. असे करत करत कर्ज फिटायला लागतात एकोणीस महिने आणि वर काही दिवस. करार असतो दोन वर्षांचा. म्हणजे चोवीसपैकी एकोणीस-वीस महिने मुलगा वाळवंटात राबतो ते सावकारासाठी. उरलेल्या चार-पाच महिन्यांत शिल्लक पडते पन्नास हजारांच्या आसपास. तीही पगार एक महिनाही चुकला नाही, आजारपण आले नाही, घरी लग्नकार्य निघाले नाही तर!

आता दुसरा हिशेब पाहा. कायद्याने नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. म्हणजे 35,400. तेवढेच कर्ज, त्याच व्याजाने, त्याच हप्त्याने चार महिन्यांच्या आत फिटते. उरतात वीस महिने आणि दोन लाखांवर शिल्लक. माणूस तोच, पगार तोच, देश तोच. फरक फक्त एजंटाच्या पावतीचा. म्हणूनच 'परदेशी जावे का' या प्रश्नाआधी 'किती कर्ज काढून जावे' हा प्रश्न विचारायला हवा.

आणि धोका केवळ पैशाचा नाही. 12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि 45 भारतीय मरण पावले. दाटीवाटीने राहणारी, पहाटे झोपेत असलेली ती माणसे कोणाची तरी कमावती मुले होती. अशा वेळी घराला आधार काय? प्रवासी भारतीय विमा योजनेत अवघ्या 275 रुपयांत दोन वर्षांसाठी अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचे संरक्षण मिळते. आमच्या माहितीतल्या कितीतरी घरांनी दीड लाख मोजले, पण या पावणेतीनशेंचे नावही ऐकले नव्हते. एजंट कशाला सांगेल?

शिक्षणाची वाट

आता दुसरी वाट. आमच्या ओळखीच्या एका रेल्वे गँगमनची मुलगी. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून शिकत गेली आणि राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाऊन पदव्युत्तर झाली. बापाने एक रुपया कर्ज काढले नाही. आज ती तिकडेच नोकरी करते. घरावर स्लॅब पडला, धाकट्या भावाचे डी.फार्म. झाले. दर उन्हाळ्यात ती रात्री फोनवरून तालुक्यातल्या मुलामुलींचे अर्ज तपासून देते. परदेशगमनाने कुटुंबाला संधी मिळते याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला गावात दाखवता येणार नाही.

ही योजना 2003 पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दर वर्षी 75 जागा आहेत. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे शासन देते. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती तर 1954-55 पासूनची. तिच्या 125 जागांपैकी 115 अनुसूचित जातींसाठी आहेत. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 2022 साली केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाजविषयक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळले. म्हणजे जो विषय घेऊन बाबासाहेब कोलंबियात जातिव्यवस्थेवर निबंध वाचत होते, तो विषय घेऊन आज आपल्या मुलाला या पैशावर जाता येणार नाही! यावर आवाज उठवणे हे आपल्या संघटनांचे काम आहे.

कारकुनी करता करता आमच्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट. मुले गुणांत कमी पडत नाहीत, कागदांत कमी पडतात. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला लागतो. राज्याचा नमुना वेगळा. जात वैधता प्रमाणपत्र लागते, उत्पन्नाचा दाखला त्या वर्षाचा लागतो. क्रमवारीच्या आणि उत्पन्नाच्या अटी वेळोवेळी बदलतात. मुलगी बारावीत गेली त्याच वर्षी फाइल उघडा. विद्यापीठाचे पत्र हातात आल्यावर दाखल्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणारे बाप आम्ही पाहिले आहेत. पत्र थांबत नाही.

शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि बँकेचे कर्ज काढूनच जायचे ठरले, तर येथेही पेन्सिल घ्यावी. चाळीस लाखांचे कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे पंचावन्न हजार. एकूण परतफेड 66 लाखांवर. शिकत असतानाचे व्याज निराळे. तिकडे चांगली नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. नाही लागली तर येथला कोणता कारकून, कोणता शिक्षक तो भरू शकेल? आणि नोकरी लागणे आता केवळ हुशारीवर राहिलेले नाही. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एका सहीने एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क आले. कर्ज काढले तेव्हा ही अट नव्हती, पण म्हणून बँक हप्ता सोडत नाही.

चोरवाटेने जाणाऱ्यांचे तर बोलायलाच नको. 5 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. लाखो रुपये मोजून विकत घेतलेली ही नामुष्की.

जात विमानातही बसते

आपल्यातले अनेक तरुण म्हणतात, "पैसा राहू द्या, निदान जातीपासून तरी सुटका होईल." या म्हणण्यात मोठे दुःख आहे आणि काही सत्यही आहे. बाबासाहेबांनाही न्यूयॉर्कमध्ये समतेची मोकळी हवा मिळाली होती. परक्या शहरात पाण्याच्या माठाला हात लावताना कोणी आडनाव विचारत नाही. पण जेथे आपले देशबांधव पुष्कळ जमतात तेथे आडनाव पुन्हा विचारले जाते.

2020 साली कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्को या कंपनीवर एका दलित अभियंत्याला जातीवरून वाईट वागणूक दिल्याच्या आरोपावरून दावा लावला. दोन व्यवस्थापकांविरुद्धचा भाग 2023 मध्ये मागे घेतला गेला, पण प्रश्न जगापुढे आला. फेब्रुवारी 2023 मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. अमेरिकेत असे करणारे हे पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा मंजूर केला, तो मात्र गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नाकारला. म्हणजे लढा तेथेही आहे आणि तो लढणारी माणसेही आहेत. 14 ऑक्टोबर 2023 रोजी, धम्मचक्र प्रवर्तनाच्या तारखेलाच, मेरीलँड राज्यात बाबासाहेबांचा 19 फुटी पुतळा उभा राहिला. तो घडवला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला जन्मलेल्या शिल्पकार राम सुतार यांनी. खानदेशच्या मातीचा हात अमेरिकेत असा पोहोचला!

तेव्हा मुलांना सांगावे : जातीपासून पळून जायला म्हणून जाऊ नका. निघताना बाबासाहेब बरोबर घेऊन जा.

मागे राहिलेल्यांचे काय?

त्या गँगमनच्या घराकडे पुन्हा वळू. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. रात्रीचे अकरा. मुलगी हजारो मैलांवर, धाकटा नोकरीसाठी पुण्यात. शेजारच्या पोरांनी खाटेसकट उचलून गाडीत घातले आणि धुळ्याला नेले. पैसे मुलीने तासाभरात पाठवले. पैशांची अडचण पडली नाही. परंतु दवाखान्यात सही कोणी करायची, रात्री उशाशी कोणी बसायचे, या प्रश्नांना पैसा उत्तर देत नव्हता. मुलगी फोनवर रडत होती आणि आई तिला म्हणत होती, "तू रडू नको, तुझी परीक्षा संपली आता आमची आहे."

आम्ही हे मुलीला दोष देण्यासाठी लिहीत नाही. येथे राहून बापाच्या औषधाला महाग झालेली मुलेही आम्ही पाहतो. परंतु हिशेबाच्या वहीत एक रकाना रुपयांचा असतो, तसा एक रकाना माणसांचाही असावा. घरातला एक जण गेला तर म्हाताऱ्यांचे कोण पाहील, हे चौघांत बसून आधी ठरवावे. आणि सुनेचाही विचार करावा. नवरा आखातात, सून सासरी, तीन वर्षांनी एकदा भेट. तिच्या नावावर बँकेत खाते नाही, आलेला पैसा दिराच्या हातात. अशा घरात उत्पन्न वाढले म्हणायचे, पण कोणाचे? रमाईचे नाव घेणाऱ्या समाजाने आपल्या सुनेला रमाईचे कष्ट पुन्हा देऊ नयेत.

परतफेड

परदेशी गेलेल्याने परतच यावे, असा हट्ट आम्ही धरत नाही. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे लंडनहून परतले आणि चळवळीत उतरले. पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. ओझरहून मुंबईत पोटासाठी आलेल्या कामगाराचे चिरंजीव डॉ. नरेंद्र जाधव यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि परतून रिझर्व्ह बँकेत, पुढे पुणे विद्यापीठाच्या कुलगुरुपदावर काम केले. नांदेडचे सूरज येंगडे परदेशात राहूनच जातीच्या प्रश्नावर जगाशी बोलत आहेत. वाटा निराळ्या, पण तिघांनीही समाजाशी असलेले नाते तोडले नाही. 1956 साली आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी बाबासाहेबांनी जी खंत व्यक्त केली, ती परदेशी गेलेल्यांपुरती नव्हती. ती येथेच राहून पाठ फिरवणाऱ्यांविषयी होती, आमच्यासारख्या नोकरदारांविषयी होती. तेव्हा परदेशातल्या मुलाला 'समाजाला काय दिले' विचारण्याआधी येथल्या पगारदाराने आपला खिसा चाचपावा.

निघण्यापूर्वी

कुटुंबांनी निदान एवढे करावे. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत तपासावे. पर्यटनाच्या व्हिसावर कामाला जाऊ नये. नोकरीचा करार हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती कारणासह घ्यावी. राहते घर गहाण टाकू नये. विमा उतरवावा. जाण्याआधी हातात एक पक्के कौशल्य आणि त्याचे प्रमाणपत्र असावे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हा जर्मन भाषा शिकण्यावर भर होता. करार झाला म्हणजे नोकरी झाली असे नव्हे. पण भाषा आणि हुन्नर ही दोन हत्यारे मात्र कोठेही वाया जात नाहीत. विहारांनी वाढदिवसांचे फलक लावण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस दाखले, अर्ज आणि इंग्रजी यांचा वर्ग लावावा. या कामासाठी आम्ही आमचे रविवार द्यायला तयार आहोत.

राहिली त्या माउलीची गोष्ट. हिशेबाचा कागद आम्ही त्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन एजंटाकडे गेलो. नोंदणी क्रमांक मागितला, नोकरीचा करार मागितला. दोन्ही मिळाले नाहीत. व्हिसा पर्यटनाचा निघाला. बऱ्याच वादावादीनंतर पन्नासांपैकी तीस हजार परत मिळाले, वीस बुडाले. जागा वाचली. मुलगा सध्या नाशिकला एका कारखान्यात विजेच्या कामावर आहे. तो आमच्याशी बोलत नाही. मित्रांना सांगतो, "यांनी माझी दुबई बुडवली."

असेल. पुढच्या वर्षी तोच मुलगा दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला आणि खरा करार घेऊन आला, तर त्याचे कागद आम्हीच भरून देऊ आणि स्टेशनापर्यंत पोचवायलाही जाऊ. हार मात्र या वेळी जाताना घालणार नाही. कर्ज फेडून तो परत येईल त्या दिवशी घालू.

जयभीम!